गुहागरला घराभोवती ८ गुंठे मोकळे आहेत, काय लावू? (आई एकटीच असते तिथे)

सड्यावरचा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आता गरज पडली म्हणून धागा काढतोय. आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत पाचेक मिनिटांवर. वडील गेल्यावर मागच्या आगराकडे कोणी बघितलंच नाही, सगळं रान माजलं होतं, ते गेल्या महिन्यात साफ करून घेतलं तर घर धरून ८ गुंठे जागा दिसायला लागली. पुढच्या अंगाला जांभा दगड, पहार मारली की ठण्ण वाजते, आणि मागे समुद्राकडे मऊ पुळण, म्हणजे वाळू. दोन म्हातारे माड आणि एक रायवळ आंबा एवढंच उरलंय. विहीर आहे, मे महिन्यात पाणी जरा मचूळ लागतं पण आटत नाही. मी पुण्यात, महिन्यातून एकदा जातो. आई तिथेच, वय ६८, गुडघे दुखतात पण ऐकत नाही कोणाचं.
यादी केलीय ती अशी, हापूस ४, बाणवली माड ६, फणस १, चिकू २, काजू ४, रातांबे (कोकम) २, जायफळ २, सोनचाफा, लिंबू, आणि बायकोची फर्माईश अवाकाडो. पाऊस यायला तीन आठवडे. काही राहिलं असेल तर सांगा.

कलमबहाद्दर
राहिलं काही नाही, उलट जास्तच झालंय. जरा गणित करा. ८ गुंठे म्हणजे साधारण ८१० चौरस मीटर. त्यात घर, अंगण, विहीर, गाडी लावायची जागा, येण्याजाण्याची वाट मिळून १५० तरी जातील. उरले ६६०. हापूसला १० बाय १० मीटर लागतं, चार कलमं म्हणजे ४०० गेले. माडाला साडेसात बाय साडेसात, सहा माडांचे ३३७ झाले. म्हणजे आंबे आणि माड लावतानाच तुम्ही शेजाऱ्याच्या गडग्यावरून पलीकडे गेलात, फणस काजू चिकू अजून हातातच आहेत :)
लावताना सगळी झाडं वीतभर असतात म्हणून हे कळत नाही. पंधरा वर्षांनी अंगणात ऊन येत नाही, कपडे वाळत नाहीत, मग करवतवाला शोधत फिरायचं.

मालवणी_खाजा
अरे झिला, आधी माडाक पाणी कोण घालतला ता सांग. आवशीक इचारलंस काय तिका काय होया ता?
(मालवणीत लिहिल्याशिवाय मला राग नीट काढता येत नाही, आता सगळ्यांसाठी सरळ लिहिते.) पाऊस संपला की ऑक्टोबर ते मे आठ महिने, असे निदान पहिले तीन उन्हाळे प्रत्येक रोपाला पाणी लागतं. तू महिन्यातून एकदा येणार. म्हणजे वीस झाडांना पाणी ती माऊलीच घालणार ना कळशीने. माझ्या धाकट्या दिराने असंच केलं, मुंबईहून टेम्पो भरून कलमं आणली, चार फोटो काढले, गेला. मार्चमध्ये आम्ही दोघी जावा बादल्या घेऊन धावत होतो. निम्मी जगली ती आमच्या कंबरेवर जगली.

सड्यावरचा
@मालवणी_खाजा ताई, बोललात ते बरं केलंत. आईला विचारलं नव्हतं खरंच. आत्ता फोन केला तर म्हणाली "रातांबे लाव, आमसुलं विकत आणायला लाज वाटते, आणि अबोली लाव, बाकी तुमचं काय ते तुम्ही बघा."

रहाटगाडगे
रातांबे म्हणालात म्हणून लिहितोच, कारण यात माझी ८ वर्षं गेलीत.
आठवडी बाजारात एका माणसाकडून रोप घेतलं, तजेलदार, लालसर कोवळी पालवी, "गोड जातीचं आहे साहेब." विहिरीच्या कडेला लावलं. झाड असं झालं की बघत राहावं, खाली झुकलेल्या फांद्या, गर्द पानं. सातव्या वर्षी फुललं, घरात आनंदीआनंद. फळ एक नाही. म्हटलं पहिलं वर्ष. आठव्या वर्षी पुन्हा लदलदून फुललं आणि खाली फुलांचा सडा, फळ शून्य. आमच्या काकूने दृष्ट काढली, मी शेणखत ओतलं, कोणी सांगितलं म्हणून बुंध्यावर कोयत्याने चरे पण मारले (हे करू नका). शेवटी शेजारच्या वाडीतले एक आजोबा आले, त्यांनी एक फूल तोडून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले मध्ये बघ काय आहे. मध्ये नुसता पिवळट पुंकेसरांचा गोळा. मग स्वतःच्या दारातल्या झाडाचं फूल आणलं, त्यात मधोमध हिरवी गोल गुंडी, मोहरीपेक्षा जराशी मोठी. "ह्यो तुझो बापयो, ही माझी बाईल." संपला विषय.
रातांब्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. बी लावून केलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात आणि फुलेपर्यंत कुणालाही ओळखता येत नाही, विकणाऱ्यालाही नाही, त्यामुळे "खात्रीचं मादी रोप" असं बियांच्या रोपाबद्दल कोणी म्हणालं तर पुढे चला. मादी झाडाच्या काडीचं कलमच घ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या दोन जाती आहेत, कोकण अमृता आणि कोकण हातीस. अमृता लवकर तयार होते, पाऊस लागायच्या आत बरीचशी फळं उतरतात, नाहीतर जूनमध्ये अर्धे रातांबे झाडाखाली कुजतात आणि आमसुलं वाळवायला ऊनच नसतं.

बाल्कनीबाग
बापरे, झाडांमध्ये पण हे असतं? मी ठाण्यात चौथ्या मजल्यावर कुंडीत रातांबा लावलाय, आता त्याच्याकडे संशयाने बघतेय.

रहाटगाडगे
@बाल्कनीबाग कुंडीतल्याला माफ करा, तो कुठल्याही अर्थाने फळणार नाहीये :)
जायफळाचंही तेच आहे, नर मादी वेगळे. बागेत दहा माद्यांमागे एक नर ठेवतात.

शहाळंप्रेमी
मग त्या नराचं काय केलंत? तोडलात?

रहाटगाडगे
नाही. सांगणारच होतो. कंबरेच्या उंचीवर करवतीने खोड कापलं, कापल्या जागी शेण-मातीचा लेप. महिन्या-दीड महिन्यात खाली भरपूर धुमारे आले, त्यातले पाच चांगले ठेवून बाकी काढले आणि आजोबांच्या मादी झाडाच्या काड्या आणून त्या कोवळ्या धुमाऱ्यांवर पाचर कलम बांधलं. तीन जगले. चौथ्या वर्षी पाव पायली रातांबे निघाले. एक मात्र लक्षात ठेवा, काडी सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची हवी. रातांब्याच्या आडव्या फांदीची काडी बांधली तर ते झाड आयुष्यभर आडवंच पसरतं, वर उठत नाही.

श्रीवर्धनी_रोठा
झाडं निवडताना वाऱ्याचा विचार कोणी केला नाहीये म्हणून लिहितो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी आगरातच होतो, म्हणजे घराच्या माजघरात, आगर खिडकीतून दिसत होतं. पोफळी (सुपारीची झाडं) काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या मोडत होत्या, कडाकडा नाही, एक वेगळाच आवाज, ओला. दुपारनंतर बाहेर आलो तर समोरच्या वाडीतलं कौलारू घर दिसलं जे मी जन्मात आमच्या ओटीवरून कधी पाहिलं नव्हतं. ७० पोफळींतल्या ११ उभ्या होत्या. माड वाकले, झावळ्या गेल्या, पण बरेच उभे राहिले. जे आंबे पडले त्यातले बहुतेक पिशवीतलं कलम आणून लावलेले होते, उपटून पडल्यावर बघितलं तर मुळं पिशवीत गोल फिरलेली तशीच जाडजूड होऊन बसली होती, नागाच्या वेटोळ्यासारखी, खाली उतरलेलीच नव्हती. आजोबांनी कोय जागेवर रुजवून मग त्यावर बांधलेलं कलम हललं पण नाही. पुढच्या वर्षी मेमध्ये तौक्ते आलं तेव्हाही ते तसंच.
तेव्हा माझं म्हणणं, निदान एक आंबा तरी जागेवर कोय रुजवून करा. दोन वर्षं उशीर होईल, होऊ दे. आणि पिशवीतलं घेतलंत तर पिशवी काढल्यावर तळाची वेटोळलेली मुळं कापा, जीव कासावीस होतो पण कापा.

कलमबहाद्दर
+१ मुळांबद्दल. अजून दोन गोष्टी, नर्सरीत काम केलंय म्हणून सांगतो. कलमाचा जोड जमिनीच्या वर चांगला दिसला पाहिजे, मातीत गाडायचा नाही. आणि जोडावरची प्लास्टिकची पट्टी राहिली असेल तर सोडा, नाहीतर तिथे करकोचा पडून वाऱ्याला तिथूनच तुटतं. जोडाच्या खालून फूट आली की नखाने खुडायची, दर महिन्याला. लोक म्हणतात वा काय जोरात वाढतोय हापूस, आणि पाच वर्षांनी लागतो रायवळ, कारण वरचं हापूस कधीच मेलेलं असतं आणि खालचा खुंट राज्य करत असतो.
हापूस चार नको, एक हापूस आणि एक रत्ना लावा. रत्ना म्हणजे नीलम आणि हापूसचा संकर, दापोली विद्यापीठाचाच, दरवर्षी धरतो आणि साका (गरात पांढरट कडक भाग) होत नाही. हापूस एक वर्ष देतो, एक वर्ष रुसतो. चव मात्र हापूसचीच, त्यात वाद नाही.

सड्यावरचा
मागच्या बाजूने खारा वारा थेट येतो. तिथे काय टिकेल?

श्रीवर्धनी_रोठा
समुद्राकडच्या कडेला उंडी लावा. किनाऱ्याचंच झाड, मिठाला भीत नाही, जाड चकचकीत पानं, बारमाही हिरवं. पूर्वी तिच्या बियांचं कडू तेल दिव्याला आणि होड्यांना लावायला वापरायचे. भेंडाचं झाडही चालेल. उंडी वाढायला वेळ घेते पण एकदा आडोसा झाला की मागचं सगळं सुखी. सुरूचं झाड पटकन वाढतं पण घराजवळ मला नाही आवडत, वादळात त्याच्या काड्या कौलांवर.
वाळूत माड, उंडीच्या आत चिकू एक (चिकूला मचूळ पाणी बऱ्यापैकी चालतं), आंबे आणि रातांबे जांभ्याच्या बाजूला. अवाकाडो विसरा, त्याला खारट पाणी अजिबात सोसत नाही आणि आपल्या पावसात पाणी साचलं की मुळं कुजतात. वहिनींना सांगा शहाळं पण हिरवंच असतं.

मालवणी_खाजा
काजू घराजवळ कशाला? काजू सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर. आणि जायफळाला सावली लागते, ते माड मोठे झाल्यावर त्यांच्या पोटात लावायचं, उघड्यावर आत्ता लावलंस तर भाजून जाईल. लिंबाचं म्हणशील तर कागदी लिंबाला आपल्या पावसात खैऱ्या होतो, पानंफळं खरुजल्यासारखी. माझ्या आईकडे ईडलिंबू होतं, त्याला कधी काही झालं नाही.
आणि एक सुरंगी लाव रे. हळू वाढते, तुझ्या आईच्या वेणीत नाही तर नातीच्या वेणीत येईल. फाल्गुनात खोडाला फांद्यांना चिकटून कळ्या येतात, उमलायच्या आत पहाटे काढायच्या, ऊन वर आलं की संपलं. आमच्या वेंगुर्ल्याकडे त्या दिवसांत बायका पहाटे चारला बॅटऱ्या घेऊन झाडावर असतात.

शहाळंप्रेमी
माडाच्या खड्ड्यात मीठ घालतात ते खरं की अंधश्रद्धा?

कलमबहाद्दर
खरं, पण कुठे त्यावर आहे. जांभ्यात खड्डा मारला असेल तर तळाला २ किलो जाडं मीठ घालून निदान सहा महिने ठेवतात, त्याने जांभा मऊ पडतो आणि मुळांना वाट मिळते. शिवाय माडाला क्लोराईड लागतंच, त्यामुळे मिठाने बिघडत नाही. पण धागाकर्त्यांचे माड वाळूत, खाऱ्या वाऱ्यात, तिथे मीठ विकत घेऊन घालणं म्हणजे समुद्राला अर्घ्य. वाळूत पाणी टिकत नाही हा खरा प्रश्न, तर खड्ड्याच्या तळाला नारळाची सोडणं (वरची सालं) दोन थर रचा, पोट वर करून, वाटीसारखी. ती पाणी धरून ठेवतात.
आणि जांभ्यातल्या आंब्यासाठी उलटं. तिथे तीन फुटी खड्डा मारला की तो खड्डा नसतो, हौद असतो. पहिल्याच पावसात भरतो आणि कलम उभ्या उभ्या बुडतं. उताराच्या बाजूने खड्ड्याच्या तळापासून एक चर काढा पाणी जायला आणि माती भरताना जमिनीच्या वर वीतभर उंचवटा करा. ब्रेकरवाल्याला चर खणायचा कंटाळा येतो, समोर उभं राहून करून घ्या.

रहाटगाडगे
माडांचा विषय निघालाय तर भुंग्याचं पण. तरुण माडाची पानं कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसली की समजा गेंड्या भुंगा शेंड्यात शिरलाय. सायकलच्या तारेला टोकाला वाकवून आकडा करायचा, शेंड्याच्या भोकात घालायचा आणि फिरवून ओढायचा. कुर्रर्र असा आवाज येतो आणि काळा चकचकीत, नाकावर शिंग असलेला प्राणी पाय हलवत बाहेर. पहिल्यांदा मी तार टाकून पळालो होतो. तो अंडी शेणखतात घालतो, म्हणजे आपल्याच उकिरड्यात आपण त्याची प्रसूती करतो, खत उकरलं की जाड पांढऱ्या अळ्या निघतात त्या कोंबड्यांना टाका. लहान माडाच्या वरच्या झावळ्यांच्या बेचक्यात तीन डांबरगोळ्या आणि वर मूठभर वाळू, दीड महिन्याने परत. गेंड्याने केलेल्या जखमेतून मग सोंड्या भुंगा शिरतो, तो मात्र झाडच मारतो, खोडाला कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाज येतो आणि तांबूस चिकट पाणी गळतं. म्हणून माडाच्या खोडाला खिळे ठोकू नका, पायऱ्या खोदू नका. कपड्यांची दोरी बांधायला पण नको.

बाल्कनीबाग
नाही, कपड्यांची दोरी हा आमच्याकडे जीवनमरणाचा प्रश्न आहे.

शहाळंप्रेमी
एवढं सगळं लिहिलंत आणि माकडांबद्दल अवाक्षर नाही? आमच्याकडे लांज्याला काहीही लावा, खाणारे तेच. कोवळे नारळ टोचून फेकतात, खात पण नाहीत नीट, रागच येतो. पपई तर पिवळी झालेली मी गेल्या सहा वर्षांत पाहिली नाही. टिकतं काय तर हळद, आलं, मिरी आणि अळू. मिरी चढवा रायवळ आंब्यावर, सावलीच्या बाजूने, काही लागत नाही तिला.

मालवणी_खाजा
अळूला मोरीचं पाणी सोड. वडीचं काळं वेगळं, भाजीचं वेगळं, दोन्ही लाव.

सड्यावरचा
सगळ्यांना उशिरा उत्तर देतोय, सॉरी, आठ दिवस गावीच होतो. अपडेट अशी. अवाकाडो, काजू, जायफळ, लिंबू बाद. वाळूत माड २ (सहा नाही!), तळाला सोडणं घातली, घराच्या कौलांपासून लांब. समुद्राच्या कडेला उंडी ३. चिकू १. जांभ्यात रत्ना १ चर काढून, ब्रेकरवाला खरंच म्हणाला "कशाला चर साहेब", मी छत्री घेऊन उभा राहिलो. हापूससाठी कोय जागेवर लावलीय, कलम पुढच्या पावसाळ्यात बघू. फणस नाही लावला, शेजारी तीन आहेत आणि ते आम्हाला दरवर्षी आणून देऊन कंटाळलेत. सुरंगी १ ताईंसाठी. रातांब्याची कलमं २, पट्ट्या सोडल्या. अबोली आईने स्वतः लावली, ओटीच्या खाली पागोळी पडते तिथून हातभर पुढे. उन्हाळ्यासाठी प्रत्येक झाडापाशी पुरायला बुडाला भोक पाडून वात घातलेली मडकी करून ठेवलीत, आईने आठवड्यातून दोनदा पाइपने भरायची, कळशी बंद.
फक्त एक शंका. रातांब्याचं एक कलम सरळ आहे, दुसऱ्याचा शेंडा बाजूलाच चाललाय, जमिनीला समांतर. काठी बांधू का?

रहाटगाडगे
बांधून उपयोग नाही हो. ते आडव्या काडीचं कलम आहे, मी म्हणालो होतो तेच. मादी नक्की असेल, फळ पण देईल, पण झुडपासारखं पसरेल, फार उंच जाणार नाही. परत करून बदलून मागा.

सड्यावरचा
बदलायला काढणार होतो, आई नको म्हणाली. "राहू दे तसाच, त्याचे तरी मला हाताने काढता येतील, वरच्याचे तू ये काढायला."